अड्ड्यावरच्या कोप्या: कायदा काय मागतो आणि आधी काय करावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कृष्णाकाठच्या एका सहकारी साखर कारखान्यात तुम्ही नुकतेच कल्याण अधिकारी म्हणून रुजू झाला आहात. कारखान्याच्या गाडीअड्ड्यावर, म्हणजे ऊसतोड कामगार बैलगाड्यांसह उतरतात त्या जागेवर, हंगामात साडेतीनशेच्या आसपास कोप्या (उसाच्या वाळल्या पाल्याच्या, म्हणजे पाचटाच्या, झोपड्या) पडतात, बहुतेक बीड आणि पाथर्डीकडच्या लोकांच्या. चेअरमननी विचारलंय की या लोकांच्या राहण्याबाबत कायद्याने आपल्यावर नेमकं काय बंधन आहे, आणि थोड्या पैशांत आधी काय करता येईल. पत्र्याची शेड बांधून टाकावीत का, असंही तुम्ही विचारलंय.

मी या कामात तेवीस वर्षं आहे. सुरुवात पाणीपुरवठ्याच्या बाजूने झाली, पुढे कामगारांच्या वस्त्या तपासणं हेच काम होऊन बसलं. कायद्याचा भाग आधी घेतो, कारण तो जरा चमत्कारिक आहे.

समजा केज तालुक्यातल्या एका घरातून दोन भाऊ दसऱ्यानंतर तोडीला निघाले. उचल (कामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) एकाच मुकादमाची, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराची. थोरला बेळगाव जिल्ह्यातल्या कारखान्यावर गेला, धाकटा कोल्हापूर जिल्ह्यातल्या. दोघांच्या कोप्यांत गाडीने फार तर दोन तासांचं अंतर. पण थोरल्याने राज्याची हद्द ओलांडली, म्हणून तो १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याखाली आला. त्या कायद्याच्या कलम १६ मध्ये कामगाराला काम चालू असेपर्यंत राहायला योग्य जागा देणं ही ठेकेदाराची जबाबदारी होती. केंद्राच्या १९८० च्या नियमांत तर मापंही होती: बरोबर कुटुंब असेल तर किमान १० चौरस मीटरची एक खोली, पुढे ओसरी, स्वयंपाकाला वेगळी झाकलेली जागा, आणि दर तीन घरांमागे एक शौचालय व एक न्हाणीघर. धाकटा भाऊ तीनशे किलोमीटर येऊनही महाराष्ट्रातच राहिला. त्या कायद्याच्या लेखी तो स्थलांतरित नव्हताच.

आता तुमच्या अड्ड्यावरची कोपी मोजा. आठ बाय दहा फूट म्हणजे साडेसात चौरस मीटरही भरत नाही. त्यात चूल, बाजरीचं पोतं, पेटी, अंथरुणं आणि रात्री चार-पाच माणसं. थोरल्या भावाला त्या १० चौरस मीटरचा काही उपयोग झाला का, हे विचारू नका. सीमेपलीकडेही मला कोप्याच दिसल्या आहेत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली आणि १९७९ चा कायदा गेला. नव्या संहितेच्या कलम ६० मध्ये आंतरराज्य कामगारासाठी कामाची योग्य परिस्थिती आहे, अपघात झाला तर दोन्ही राज्यांना आणि नातेवाइकांना कळवणं आहे, आरोग्य तपासणी आहे. राहण्याच्या जागेचा जो उल्लेख जुन्या कलमात ठळक होता, तो इथे दिसत नाही. पूर्वी पाच आंतरराज्य कामगार असले की कायदा लागायचा, आता दहा लागतात. तुमच्याकडे कर्नाटकातल्या विजयपुराच्या किंवा मध्य प्रदेशातल्या बडवानीच्या टोळ्या येत असतील तर त्यांची यादी वेगळी ठेवा. पण तिच्या जोरावर घरं मिळतील असं समजू नका.

संहितेत तुमच्या कामाचं कलम दुसरंच आहे, ५३. कंत्राटी कामगारांच्या कल्याणाच्या सोयी मूळ मालकाने, म्हणजे ज्याच्यासाठी काम होतं त्याने, द्यायच्या, असं ते थेट म्हणतं. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात आधी ठेकेदार यायचा आणि त्याने हात वर केले की मूळ मालक. त्याच जुन्या कायद्याच्या कलम १७ मध्ये कामासाठी जिथे रात्री मुक्काम करावा लागतो तिथे निवाऱ्याची सोय हवी, असंही होतं. ऊसतोडीइतकं हे वाक्य चपखल दुसऱ्या कुठल्या धंद्याला बसत असेल असं मला वाटत नाही. तरी ते अड्ड्यापर्यंत फारसं पोचलं नाही, कारण प्रत्येक कारखान्याचं उत्तर तयार असतं: तोडणी कामगार आमचे नाहीत. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, मुकादमाचा टोळीशी, तोही बहुतेक वेळा तोंडी किंवा कोऱ्या स्टँपवर. ऊस शेतकऱ्याचा, तोडणी-वाहतुकीचा खर्च त्याच्याच बिलातून कापलेला. मग कामगार कुणाचा?

तुमचे वकील हेच सांगतील. त्यांना एवढंच विचारा, की कुठला फड (उसाचं शेत) कधी तोडायचा हे कोण ठरवतं? आपला शेतकी विभाग. तोडीची चिठ्ठी म्हणजे स्लिप कोण देतं? आपला स्लिपबॉय. मोळीत पाचट जास्त आलं म्हणून कपात कोण करतं? वजन कुणाच्या काट्यावर होतं? आणि अड्ड्याची जागा कुणाची? एवढ्या उत्तरांनंतर ‘आमचे नाहीत’ हे वाक्य कोर्टात किती वेळ उभं राहील, याचा अंदाज चेअरमननाच बांधू द्या. ऊसतोड कामगारांच्या स्थितीवर मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली आहे, हेही त्यांच्या कानावर घाला.

दुसऱ्या धंद्यांशी तुलना केली की ही पोकळी जास्त डोळ्यांत भरते. चहाच्या मळ्यातल्या मजुराला घर देणं १९५१ च्या मळे कामगार कायद्यापासून मालकावर आहे. बांधकाम मजुरासाठी १९९६ च्या कायद्याच्या कलम ३४ ने कामाच्या जागी तात्पुरती, फुकट राहण्याची सोय सांगितली, आणि त्यात स्वयंपाक, आंघोळ, शौचालय वेगळं. ऊस मात्र शेतीत धरायचा की उद्योगात, या वादात ऊसतोडीचं घर दोन्हीकडून बाहेर राहिलं.

तपासणीचंही तसंच. औद्योगिक सुरक्षा संचालनालयाचा निरीक्षक कंपाउंडच्या आत बघतो. कामगार खात्याचा माणूस रजिस्टर मागतो. ग्रामपंचायत म्हणते जागा कारखान्याची. आरोग्यसेविका पोलिओच्या रविवारी येते आणि खरं सांगायचं तर अड्ड्याची सगळ्यात जास्त माहिती तिलाच असते. माझं मत विचाराल तर या सगळ्यांपेक्षा पुण्याच्या साखर आयुक्तालयाच्या हातात जोर आहे. दर हंगामाला गाळप परवाना तिथून निघतो आणि एफआरपी (शेतकऱ्याला द्यायचा उसाचा ठरलेला किमान दर) थकली तर तो अडतो, हे सगळ्या चेअरमनना पाठ आहे. त्याच अर्जाला अड्ड्याचं पाणी, शौचालय आणि दिवे यांचा एक साधा तक्ता जोडणं सक्तीचं झालं, तर एका हंगामात जेवढं काम होईल तेवढं वीस वर्षांच्या परिपत्रकांनी झालेलं नाही.

आणि एक. चेअरमन म्हणतील की आपण टनामागे १० रुपये गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाला देतो, पुन्हा खर्च कशाला? आठ लाख टन गाळप असेल तर ते ८० लाख होतात, रक्कम लहान नाही, हे मान्य. पण कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाची जी ८२ वसतिगृहं ४१ तालुक्यांत मंजूर झाली, ती त्यांच्या मूळ गावांकडे आहेत, आणि तिथेच असायला हवीत. त्या पैशाने तुमच्या अड्ड्यावर नळ येत नाही.

आता आधी काय करायचं ते.

सुरुवात पाण्यापासून करा, आणि हिशेब माणसांचा मांडण्याआधी बैलांचा मांडा. हे मी फार उशिरा शिकलो. साडेतीनशे कोप्या म्हणजे साधारण चौदाशे माणसं. निर्वासितांच्या छावण्यांसाठी जगभर जो किमान मापदंड धरतात त्यात माणशी रोजचं १५ लिटर पाणी सांगितलंय. म्हणजे २१ हजार लिटर. पहिल्या वर्षी मी तेवढ्याच हिशेबाने दोन मोठे टँकर लावले आणि दुपारपर्यंत टाक्या कोरड्या. गाडीअड्डा होता, अडीचशे गाड्या, पाचशे बैल. दिवसभर ओझं ओढलेला बैल ४० लिटर सहज पितो. म्हणजे आणखी २० हजार. बैल तहानलेला ठेवून बाई हंडा भरून घरी नेईल ही अपेक्षाच चूक होती, कारण बैलावर त्यांचं कर्ज असतं. तेव्हा बैलांची हाळ (पाणी प्यायचा हौद) वेगळी बांधा, तिला कॅनॉलचं किंवा नदीचं पाणी चालेल, आणि माणसांची टाकी उंचावर, झाकणाची, फक्त तोट्यांची ठेवा.

तोट्यांची संख्या सरासरीवर ठरवू नका. त्याच मापदंडात अडीचशे माणसांमागे एक तोटी पुरते, म्हणजे तुम्हाला सहा. पण अड्डा पहाटे तीन-साडेतीनला उठतो, पाचला गाड्या फडाच्या वाटेला लागतात. सगळं पाणी त्या दीड तासात भरायचं असतं, उरलेलं रात्री परतल्यावर. वीसपेक्षा कमी तोट्या लावल्यात तर रांगेत भांडणं होतील आणि मागची बाई हाळीतूनच कळशी बुडवेल. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हजार लिटरला ५ ग्रॅम, आधी बादलीत कालवून निवळी तेवढी ओतायची, आणि अर्धा तास थांबायचं. शेवटच्या तोटीचं पाणी ओटी टेस्टने (क्लोरीन तपासायची साधी चाचणी) बघा, लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन तिथे उरलेलं हवं. पावडर ओतणारा माणूस ठरलेला नसेल तर पोतं तसंच दमट होऊन पडतं, आणि दमट पावडर म्हणजे नुसता चुना.

शौचालयांचा आकडा ऐकून चेअरमन दचकतील. १९८० च्या नियमाने तीन घरांमागे एक धरलं तर ११७ होतात, छावण्यांच्या मापदंडाने २० माणसांमागे एक धरलं तरी ७०. पहिल्या वर्षी ३५ करा, पण वापरता येतील अशी करा. ‘बांधून दिली तरी वापरत नाहीत’ हे वाक्य मी इतक्या अधिकाऱ्यांकडून ऐकलंय की आता मी आधी ती शौचालयं बघायला जातो. एका ठिकाणी चाळीस होती, रंगवलेली, ओळीत. दारं रस्त्याकडे, आत पाणी नाही, दिवा नाही, आणि निम्म्यांना कुलूप, कारण उद्घाटनापर्यंत घाण होऊ नये. बाईमाणूस फडातून परतते अंधारात आणि बाहेर पडते ती पहाटे, तीही अंधारात. उजेड नसेल तर ती उसाच्या बांधालाच जाणार. तुमचा कारखाना चिपाड जाळून वीज महावितरणला विकत असेल आणि त्याच्याच भिंतीबाहेर अड्डा काळोखात असेल, तर ही गोष्ट चेअरमनना एकांतात नाही, संचालक मंडळाच्या बैठकीत सांगा.

बायकांची आणि पुरुषांची शौचालयं एकमेकांपासून लांब, दारं विरुद्ध बाजूंना. साफसफाईला रोजंदारीवर माणूस, आणि त्याची मजुरी एका कोयत्याच्या, म्हणजे तोडणाऱ्या जोडप्याच्या, दिवसाच्या कमाईपेक्षा कमी नको. कमी दिलीत तर काम कोणत्या जातीच्या गळ्यात पडतं ते तुम्हाला माहीत आहे. नदीकाठच्या भिजत्या जमिनीत पाणी वरच लागतं, म्हणून शोषखड्डे खोल नेऊ नका आणि बोअरपासून ३० मीटर तरी लांब ठेवा.

हे सगळं मी एवढं लांबवतोय त्याचं कारण निव्वळ सोय नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. त्यामागे खाड्याची, म्हणजे काम बुडवलं तर होणाऱ्या दंडाची, भीती होती, दवाखान्यांचा धंदा होता, सगळंच होतं. पण पाळीच्या दिवसांत धुवायला पाणी नाही, आडोसा नाही, जायला लागू नये म्हणून दिवसभर पाणीच प्यायचं नाही, आणि मग अंगावर काढलेलं दुखणं, ही सुरुवात मी अड्ड्यावरच ऐकली आहे. आडोशाच्या न्हाणीला ताडपत्री आणि चार फरशा लागतात. टाकीशेजारी अशा वीस न्हाण्या करा.

साप. यावर कुणी लिहीत नाही. ऊस तुटत गेला की उंदीर उरलेल्या उसाकडे आणि धान्याच्या वासाने कोप्यांकडे सरकतात, त्यांच्या मागे साप. नाग आणि घोणस फडात भेटतात. झोपलेल्या माणसाला चावतो तो मण्यार. रात्री, जमिनीवर निजलेल्याला, आणि चावल्याची जागा दुखत नाही की सुजत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या उचलत नाहीत, बायको समजते रात्रीचं शिळं बाधलं. थंडीच्या दिवसांतही पहाटे अशी लक्षणं दिसली तर चावा शोधत बसू नका, १०८ बोलवा. ऑक्टोबरमध्येच जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन प्रतिसर्पविष लस किती आहे आणि श्वास बंद पडला तर पुढे कुठे नेतात, हे विचारून ठेवा. घरासाठी दोनच गोष्टी: जमिनीपासून वर उचललेली बाज, आणि अंथरुणाखाली खोचलेली मच्छरदाणी. धान्याला पत्र्याची कोठी मिळाली तर सोन्याहून पिवळं. जुन्नर-शिरूरकडच्या कारखान्यांना याशिवाय बिबट्याची काळजी असते, तिथे उभ्या उसापासून अड्डा लांब ठेवावाच लागतो.

आगीचं थोडक्यात सांगतो. पाचटाची कोपी, दारात चूल, फेब्रुवारी-मार्चचा वारा. दोन कोप्यांत किमान दोन मीटर, आणि जमेल तितकी दर ओळीत एक मोकळी गल्ली. आकडे टाकून घेतलेली वीज बहुतेक वेळा बल्बसाठी नसते, मोबाइलसाठी असते. टाकीजवळ पेटीत कुलपाचे चार्जिंग पॉइंट द्या, त्या लाइनला ईएलसीबी (वीज गळू लागताच ती तोडणारा स्विच) बसवा. आकडे आपोआप कमी झालेले मी पाहिलेत. दिवसभर कोपीत दहा वर्षांची पोर धाकट्या भावाला सांभाळत असते, म्हणून अड्ड्यावर पाळणाघर हा आगीचाच उपाय समजा.

पत्र्याच्या शेडबद्दल: नको. मार्चनंतर आत उभं राहवत नाही, बैल दिसत नाहीत म्हणून माणसं बाहेरच झोपतात, आणि पुढच्या वर्षी त्या शेडमध्ये खताची पोती असतात. अमेरिकेत शेतमजुरांच्या छावण्यांच्या नियमात जनावरांपासून ५०० फूट अंतर सांगितलंय. माशा आणि रोगांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण दीडशे मीटरवर बैल बांधा म्हटलंत तर एकही गाडीवान ऐकणार नाही. बैल चोरीला गेला तर उचल फिटेपर्यंत तीन हंगाम जातात. मी कोप्यांच्या ओळीमागे बैलतळ, मधे शेणासाठी चर आणि राखणीसाठी दिवा, एवढ्यावर तडजोड केली.

त्याऐवजी ओटे बांधा. मुरूम आणि विटांचा, फूटभर उंच, दहा बाय बारा फुटांचा ओटा, चार कोपऱ्यांत खांबांसाठी पाइप गाडलेले. तेवढ्या ओट्याने १० चौरस मीटरचं मापही भरतं. वर कोपी त्यांची त्यांना बांधू द्या, बांबू, तट्ट्या आणि चांगली ताडपत्री कारखान्याने द्यावी, आणि ती उचलीत धरू नये. अवकाळी पावसात खालून ओल येत नाही, ओटा वर्षानुवर्षं टिकतो आणि त्यात खताची पोती ठेवता येत नाहीत. सगळे एकदम नको, दरवर्षी शंभर.

हे सगळं अड्ड्यापुरतं झालं. डोकी सेंटरच्या (मोळ्या डोक्यावरून वाहणाऱ्या) आणि ट्रॅक्टरच्या टोळ्या गावोगाव, कुणाच्या पडीक रानात, कधी ओढ्याकाठी उतरतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी हलतात. त्यांना ओटे जमणार नाहीत. त्यांच्यासाठी प्रत्येक गटाच्या स्लिपबॉयकडे एक वही द्या: टोळी कुठे उतरली, पाणी कुठलं पितात, गरोदर बाई आहे का, सहा वर्षांखालची मुलं किती. ती वही दर सोमवारी आरोग्यसेविकेला दाखवायची. खर्च शून्य, आणि कुठल्याही कायद्यात नसलं तरी पहिलं काम मी हेच करेन.

कामाला लागण्यापूर्वी अड्ड्यावर पहाटे साडेतीनला जा. दिवसा अकराला गेलात तर म्हाताऱ्या आणि पोरं दिसतील, रांग दिसणार नाही. टेप आणि वही घ्या. चेअरमन बरोबर येणार असतील तर त्यांची गाडी गेटपाशीच थांबवा. हेडलाइट लागले की सगळी वाट उजळते, आणि मग दिवे कशाला हवेत ते त्यांना समजत नाही.